नॉर्मलची नळी

प्रिय ताई,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही. खाडाखोड असलेला कागद तू वाचत नाहीस, मुख्याध्यापिका झाल्यावर तर मुळीच नाही, आणि हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायला हवंस.

मी लॅबच्या बाहेर बाकावर बसले आहे. दार बंद आहे. आत माझा सहकारी जेल चालवतो आहे, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी जेलीची वडी, आणि त्यात माझ्या मुलीचा नमुना आहे. आपल्या माणसाच्या तपासणीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्यात आता माझ्या हातांवर कोणाचा फारसा भरवसाही उरलेला नाही. मोठ्या डॉक्टर जाता जाता म्हणाल्या, घरी जा, फोन करते. मी गेले नाही. जेलला पाऊण तास, मग फोटो, मग खात्रीसाठी दुसरं जेल. मागच्या गुरुवारी तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धं राहिलं होतं. उरलेलं इथे लिहून काढते. मध्ये बोलायला तुला इथे जागा नाही.

फोनवर तू म्हणालीस, तुमचं ते डीएनए-बिएनए मला कळत नाही. ताई, ते तुला माझ्या आधी कळलं होतं. बाबांच्या साच्यांच्या खोलीत आपण दोघी शाळेनंतर रोज बसायचो. कपड्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला ती खोली. एक खिडकी, चारही भिंतींना खिळे, खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. पाठ, बाही, कॉलर, खिसा. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात आकडे आणि कडेला खाचा. मूळ साचा खोलीबाहेर जायचा नाही, मालक स्वतः मागायला आला तरी नाही. कापणीच्या टेबलाला बाही हवी असली तर बाबा तेवढ्या बाहीची नक्कल पातळ कागदावर काढून द्यायचे. टेबलावरच्या माणसाला साचा कधी दिसायचाच नाही. तो कागदावरची खाच बघायचा, तिला जुळेल तो तुकडा लावायचा, पुढची खाच बघायचा. काम झालं की बाबा नक्कल परत घेऊन फाडून टाकायचे. तू एकदा विचारलंस, फाडायची कशाला? ते म्हणाले, जुनी नक्कल टेबलावर राहिली तर तो बाह्याच करत बसेल.

पेशीत याहून वेगळं काही चालत नाही. केंद्रकाच्या खोलीत डीएनए असतो. चारच अक्षरं, पण ओळ कोट्यवधींची. तो बाहेर येत नाही. जे प्रथिन हवं, तेवढ्याच भागाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि ती बाहेर जाते. बाहेर रायबोसोम नावाचा कारागीर बसलेला असतो. तो तीन-तीन अक्षरं वाचतो. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, पुढच्या तिनांना पुढचं, असं एकापुढे एक ओवत जातो. माळ पुरी झाली की ती आपोआप दुमडते आणि तिचं काहीतरी होतं. केस होतात, रक्तातला लाल रंग होतो, हृदयाचा स्नायू होतो. मग नक्कल मोडीत निघते. कारागीर डोकं चालवत नाही. समोर जे आलं ते तो करतो. मूळ साच्यात एक अक्षर चुकलं असेल तर तो ती चूक मन लावून, जन्मभर करत राहतो.

बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. आपल्या घरातली चूक हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनात आहे. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं येतं, आणि हृदयाची भिंत हळूहळू जाड होत जाते. काही माणसं ती घेऊन म्हातारी होतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही, बाबांसारखी. काही सव्विसाव्या वर्षी मैदानावर धावता धावता पडतात, काकासारखी. घरात सगळे म्हणत आले, त्याला ऊन लागलं. थंडीचे दिवस होते, ताई. त्या दिवशीच्या फोटोत काकाच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाने स्वेटर घातला आहे. तो फोटो तुझ्या बैठकीच्या खोलीत आहे. तू रोज त्यावरची धूळ पुसतेस.

डाव्या बाहीची गोष्ट आठवते ना? तू पंधरा वर्षांची, मी नऊची. तीनशे कोट शिवून झाले आणि सगळ्यांची डावी बाही पिळलेली. मालक कापणीच्या माणसांवर तुटून पडला होता. बाबा खोलीत गेले, खिळ्यावरचा साचा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घेऊन दाराबाहेर आले. टेबलावर ठेवला, पट्टीने मोजला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चूक माझ्या साच्यात आहे. यांना बोलू नका. यावरून आणखी कुठे कुठे माल गेला असेल, तिथे आजच कळवा.” चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा शोकसभेत ही गोष्ट तू सांगितलीस. फार छान सांगितलीस. शेवटच्या वाक्यावर जरा थांबलीस. लोकांनी डोळे पुसले, मीसुद्धा. तेव्हा तुझा अहवाल नऊ वर्षांचा झाला होता. कपाटात कुठल्या खणात ठेवला होतास? की तो बरोबर, पर्समध्ये होता?

आता माझी चूक सांगते. मी ती लेखी दिलेली आहे, तुला वेगळी काय लपवू. तीन महिन्यांपूर्वी आम्ही ही नवी तपासणी बसवली. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत नेमकी हीच चूक सापडते, म्हणून तेवढी एकच जागा बघायची. एक एन्झाइम असतं. ते ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच कापतं, इतर कुठे नाही. अक्षरं बरोबर असली की डीएनएचा तुकडा कापला जातो आणि जेलवर दोन पट्ट्या दिसतात. चूक असली की त्याला कापायची जागाच सापडत नाही. आपल्या प्रत्येकाजवळ दोन साचे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एकात चूक असेल तर अर्धा माल कापला जातो, अर्धा तसाच राहतो. मग तीन पट्ट्या. दर वेळी शेजारी एक निरोगी माणसाचा नमुना चालवावा लागतो, ताडून बघायला. तो विकत मिळतो, पण यायला सहा-सात आठवडे. तोवर लॅबमधल्या माणसाने करायचं तेच मी केलं. बाही सरकवली आणि सहकाऱ्याला म्हटलं, काढ माझं. नळीवर मीच लिहिलं, ‘नॉर्मल’.

पहिल्याच दिवशी नॉर्मलच्या रांगेत तीन पट्ट्या आल्या. मी हसले. एन्झाइम कधी कधी काम अर्धवट टाकतं, नमुन्यात मीठ राहिलं तर, गरमी कमी पडली तर. तेव्हाही अशाच तीन पट्ट्या दिसतात. पुन्हा केलं, पुन्हा तीन. बाकीच्यांचे नमुने स्वच्छ कापले जात होते, फक्त माझाच नाही. सहकारी म्हणाला, “मॅडम, तुमचं रक्तच हट्टी आहे. कोणाला जुमानत नाही.” हा विनोद आठवडाभर चालला. वहीत मी लिहिलं, ‘नॉर्मल नमुना, अर्धवट काप, दुर्लक्ष करावे’. बावीस वर्षं या कामात आहे. दुसऱ्या कोणाची नळी असती तर मी पहिल्या दिवशी भुवया उंचावल्या असत्या. पण ती माझी होती, आणि माझ्या घरात फक्त ऊन लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी आली. तेवीस वर्षांची, अग्निशमन दलात नुकतीच निवड झालेली. तिचा भाऊ झोपेत गेला होता, म्हणून आईने तिला तपासायला धाडलं होतं. तिच्या रांगेत तीन पट्ट्या आल्या. शेजारी माझ्या तीन. एकीवर एक ठेवाव्यात इतक्या सारख्या. मी लिहिलं, ‘दोन्हींत अर्धवट काप, नॉर्मलशी जुळतो’. अहवालात लिहिलं, ‘दोष आढळला नाही’. खाली सही केली. तो कागद घेऊन ती प्रशिक्षणाला गेली आणि अठ्ठावीस दिवस खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन आठ मजले चढत राहिली.

सातव्या आठवड्यात विकतचा नमुना आला. त्याच्या दोन पट्ट्या, त्याच एन्झाइमने, त्याच दिवशी. शेजारी माझ्या तीन. सहकारी फोटो घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेला. मोठ्या डॉक्टरांनी उभ्या उभ्याच त्या मुलीला फोन लावून थांबवलं. तिचा आणि माझा नमुना दुसऱ्या लॅबकडे अक्षर न् अक्षर वाचायला गेला. दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी माझ्या मुलीला मैदानावर जाऊ दिलं नाही, आणि कारणही सांगितलं नाही. बूट दुरुस्तीला दिलेत म्हणाले. बूट माझ्या कपाटात होते. खोटं बोलायला किती थोडं लागतं ते मला आता माहीत आहे, ताई. दोन आठवड्यांत मी अर्धी झाले. तू साडेतेरा वर्षं कशी जेवलीस?

निकाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी समोर येऊन बसली. पायात अजून दलाचे जड बूट. मी तिला काही न वगळता सांगितलं, नळीवर मी काय लिहिलं होतं तेही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे मी तुमच्यासारखी दिसले, म्हणून नॉर्मल?” मी हो म्हटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, तुम्हाला घरातून कोणी काही सांगितलं नव्हतं का. मी म्हटलं, आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. हेच मी चौकशीच्या कागदावर लिहिलं. त्यावरही माझी सही आहे.

आणि मग गुरुवारी मी तुला फोन केला. आधी कागदावर वाक्यं लिहून काढली होती, तू घाबरू नयेस म्हणून. मोठ्या बहिणीला असलं कसं सांगायचं याचा दोन दिवस विचार केला होता. पहिलं वाक्य झालं, दुसऱ्याच्या मध्यावर तू म्हणालीस, “म्हणजे तुझ्यातही आलं तर.” मला आधी कळलंच नाही. माझ्या हातात अजून तो वाक्यांचा कागद होता. मग तुझ्याकडून एकेक बाहेर पडलं. शाळेच्या जिन्यात तुला चक्कर आली होती. तू कोणाला न सांगता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलीस. त्यांनी तपासलं, सापडलं. भावंडांना कळवा, असं त्यांनी सांगितलं, तर तू फॉर्मवर लिहिलं होतंस, ‘भावंडे : नाहीत’. का, तर ते विचारत बसले असते, मला बोलावलं असतं, आणि मला तेव्हा पाचवा महिना होता. “मला दर वर्षी तपासतात, मला काही झालेलं नाही,” असंही म्हणालीस, जणू माझ्या तब्येतीची चौकशी चालली होती. आणि शेवटी ते वाक्य. “तेव्हा सांगितलं असतं, तर आज तुझी पोरगी असती का?” आणि फोन ठेवलास.

ते वाक्य तू मुद्दाम शेवटी टाकलंस. गेला आठवडाभर मी तेच चघळते आहे. भांडी घासताना, नळ्यांना लेबलं लावताना. मी काय केलं असतं? खरंच माहीत नाही. कदाचित ती नसती. कदाचित असती, आणि पाळण्यात असल्यापासून तिच्या हृदयावर कोणीतरी लक्ष ठेवून असतं. पण ते ठरवायचं होतं मी. तू माझ्या वतीने ठरवलंस, आणि आता मला ऋणी राहायला सांगते आहेस. मी तुला माझ्या मुलीबद्दल आभार मानावेत, अशी तुझी अपेक्षा आहे. ताई, मला इतका राग कधी आला नव्हता.

बरं, पाच महिन्यांची पोटुशी होते. धरून चालू की तू घाबरलीस. मग ती जन्मली. त्यानंतर चार हजार सातशेहून जास्त दिवस होते. त्यातला एकही चालला नाही? तिचं नाव भिंगरी तूच ठेवलंस, कारण ती चालायच्या आधी पळायला लागली. आणि नंतर तूच तिच्या पळण्याच्या मागे लागलीस. दहाव्या वर्षी तिला बुद्धिबळाचा पट आणून दिलास. मुलीच्या जातीने किती उधळावं, म्हणायचीस. शर्यतीला बोलावलं की तुझं डोकं दुखायचं. आम्ही मायलेकी तुझ्यामागे तुझी नक्कल करून हसायचो. मावशी म्हणजे जुन्या वळणाची, असं ठरवून टाकलं होतं आम्ही. म्हणजे तुला रोज आठवत होतं. विसरली असतीस तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. तू विसरली नव्हतीस. तोंडात गुळणी धरून तू तिला पटावरची प्यादी दाखवत होतीस.

निकाल आला त्या संध्याकाळी मी बूट कपाटातून काढून तिच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. आजोबांच्या साच्यांची खोली काढून दाखवली, कागदावर. भिंत, खिळे, नक्कल, टेबल. काकाआजोबांचं सांगितलं. माझ्यात काय सापडलं ते सांगितलं, तिच्यात असेल किंवा नसेल, अर्धी-अर्धी शक्यता, तेही सांगितलं. तिने बूट उचलून खिडकीबाहेर फेकले. खाली जाऊन मीच ते आणले. दोन दिवसांनी ती रक्त द्यायला स्वतःहून तयार झाली, सुई बघत राहिली, मान फिरवली नाही. आणि एकच गोष्ट विचारली. हे आधी कोणाला माहीत होतं का? तोवर तुझा फोन होऊन गेला होता. मी तिला म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही. हे तुझ्यासाठी केलेलं नाही. तिला आई आणि मावशी अशी दोन माणसं एका दिवशी गमवायला लागू नयेत म्हणून केलं.

दार उघडलं होतं. मध्ये लिहायची थांबले. सहकारी बाहेर आला, हातमोजे काढून खिशात कोंबले आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. आज त्याने विनोद केला नाही. दोन्ही जेलचे फोटो त्याने माझ्या मांडीवर ठेवले. विकतच्या नॉर्मलच्या दोन पट्ट्या. माझ्या तीन. भिंगरीच्या तीन. माझ्या जुन्या नळीवरचं लेबल त्याने बदललं आहे, ‘नॉर्मल’ खोडून तिथे आता ‘दोषयुक्त, खात्रीचा’ असं आहे. खात्रीचा. निदान तेवढं तरी.

मी हे पत्र तुला बोलून घेण्यासाठी सुरू केलं नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल. पण पोस्टात टाकते आहे ते दुसऱ्या कारणासाठी. हृदयाच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ही चूक असलेलं घरातलं कोणी बरीच वर्षं तपासणीखाली आहे का. मी आधी नाही म्हटलं, आणि मग म्हटलं, आहे, माझी बहीण. ते पुढे सरसावून बसले. हृदयाचे वर्षावर्षाचे फोटो, मापं, ईसीजीच्या पट्ट्या असतील तर हवेच आहेत, म्हणाले. हा दोष तुमच्या घरात कसा वागतो हे त्यावरून जेवढं कळेल तेवढं दुसऱ्या कशावरून कळणार नाही. म्हणजे तू लपवलेली ती फाइलच माझ्या मुलीच्या सर्वांत कामाची आहे. मंगळवारी सकाळी दहाला तिची पहिली तपासणी आहे. नक्कल काढून पाठवू नकोस. मूळ फाइल घे, आणि स्वतः घेऊन ये. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू तिच्यासमोर बसून दे, तिने काही फेकलं तर फेकू दे. माझा राग मंगळवारपर्यंत जाणार नाही, बुधवारीही जाणार नाही. त्यासाठी थांबू नकोस. आताच मी भिंगरीच्या कागदांबरोबर माझा फॉर्म भरला. ‘भावंडे’ या रकान्यात ‘एक’ लिहिलं आहे, आणि पुढे तुझा पत्ता.

तुझीच,
धाकटी